चोवीस भोकांचा ब्लॉक

पोलादपूरच्या नाक्यावर एस.टी.तून उतरल्या उतरल्या महिपतीने एक चूक केली. चहाच्या टपरीवर चार माणसांत तो बोलून गेला, की आपल्याला मोटारीच्या इंजिनाचा ब्लॉक पाहिजे, जुन्या लष्करी ट्रकचा असला तर फारच उत्तम. झालं! त्या मुलखात बातमी पोचायला तार लागत नाही की टपाल लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंबेनळीच्या घाटाखालच्या वाडीत, त्याच्या बापाच्या घरापुढच्या खळ्यात, भंगाराचा बाजार भरला.

बिरवाडीहून कोणी भातगिरणीचं चाक आणलं होतं. शिवथरच्या एका म्हाताऱ्याने पाण्याचा पंप बैलगाडीत घालून आणला होता आणि वर बैल दमले म्हणून तोच कुरकुरत होता. सगळ्यांवर कडी केली ती शेजारच्या नाथूने. त्याने आणि त्याच्या भावाने बांबूला लटकवून एक धूड चढणीवरून वर आणलं आणि धपकन महिपतीच्या पायाशी टाकलं.

"घे तुजा ब्लाक," नाथू घाम पुसत म्हणाला.

"हा गिअरबॉक्स आहे, नाथू!"

"मंग? मोटारीतलाच हाय ना?"

"मोटारीतला आहे म्हणून काय झालं? मोटारीत सीटपण असते!"

"शीट पायजे तुला?" नाथूचा चेहरा खुलला. "शीट पन हाय माज्याकडं."

महिपतीने कपाळाला हात लावला. नऊ वर्षं तो मुंबईत होता, ग्रँट रोडला होमीशेठच्या गॅरेजमध्ये, आणि नऊ वर्षांत त्याचा एवढा जीव कोणी खाल्ला नव्हता. बरं, खेकसावं तर माणसं आपलेपणाने आलेली. न खेकसावं तर शुक्रवार दोन दिवसांवर आलेला. तो खेकसलाच. एकदा नाही, सकाळभर खेकसला. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड, त्यात आठ सिलिंडरची आठ मोठी भोकं असतात, चार इकडे चार तिकडे, आणि प्रत्येक बाजूला झाकण बसवायच्या बोल्टांची बारकी भोकं असतात ती मोजायची, एकवीस भरली तर तो जुना, आपल्या कामाचा नाही, चोवीस भरली तरच मला हाक मारा, असं त्याने इतक्यांदा आणि इतक्या मोठ्याने सांगितलं की संध्याकाळपर्यंत वाडीतल्या बायका पाणवठ्यावर "चोवीस, चोवीस" करून एकमेकींना चिडवायला लागल्या.

एवढी घाई कशाची, तेही सांगायला हवं. होमीशेठला मोटारींच्या शर्यतीचं वेड. जुहूच्या धावपट्टीवर दरसाल शर्यत लागायची आणि शेठ स्वतः गाडी हाकायचा. यंदा त्याने इंजिनाला ब्लोअर बसवला होता, म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. हवा कोंबली की जोर वाढतो हे खरं, पण तो जोर सोसायला धड लागतं तसं दणकट. गेल्या शर्यतीत ब्लॉक उभा फाटला, उकळतं पाणी शेठच्या पायांवर आलं, आणि शेठ दीड महिना घोट्यांना पट्ट्या बांधून गॅरेजभर लंगडत शिव्या देत हिंडला. मग त्याला कोणीतरी सांगितलं की लढाईच्या वेळी महाड-पोलादपूरच्या घाटांतून लष्करी ट्रक जायचे, त्यातले काही दरीत गेले, त्यांचे ब्लॉक असे की हत्तीने लाथ मारली तरी हूं की चूं करायचे नाहीत.

"तुझा मुलूख ना हा?" शेठने महिपतीला बोलावून विचारलं होतं. "जा, शोधून आण. मी शुकरवारी महाबळेशवर जाते. भेटला तर तार कर, मी पोलादपूरवरून येईल. नाय तर पुनेवरून जाईल. ब्लॉक खरा निघाला तर तू फिटर. शर्यतीच्या गाडीवर, माझ्या बाजूला."

फिटर! महिपती नऊ वर्षं घासलेटच्या डब्यात हात बुडवून सुटे भाग धूत होता. त्याच्यामागून आलेली माणसं पाना हातात घेऊन इंजिनावर उभी राहिली आणि हा आपला चिंध्या आणि घासलेट. इंजिन बघून नव्हे, धुऊन धुऊन त्याला पाठ झालं होतं. पण धुणाऱ्याला कोण विचारतो? तेव्हा हा शुक्रवार चुकला तर पुन्हा असा शुक्रवार यायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

दुपारी तो महाडला लॉरीवाल्यांच्या वाड्यात जाऊन आला. तिथे दोन ब्लॉक मिळाले. एकाला एकवीस भोकं. दुसऱ्याला चोवीस! त्याने खिशातून खडू काढला. ब्लॉकला आधी घासलेट लावायचं, मग कोरड्या फडक्याने लख्ख पुसायचा, मग वर खडू घासायचा. कुठे चीर असेल तर आत लपलेलं घासलेट बाहेर पाझरतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. डोळ्याला न दिसणारी चीर खडू दाखवतो. रेघ उमटली, चांगली बोटभर लांब. लॉरीवाला म्हणाला, "अहो, केसाएवढी तर आहे." महिपती म्हणाला, "केसाएवढी आत्ता आहे. शेठ ब्लोअर लावून पळवेल तेव्हा तिथून हात जाईल." आणि पाय आपटत निघाला.

उन्हं कलताना तो घरी आला तेव्हा त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. गोठ्यापुढे जाताना त्याचा पाय नेहमीच्याच ठिकाणी ठेचकाळला. म्हशीचं दावं बांधायला त्याच्या बापाने, सयाजीने, कित्येक वर्षांपूर्वी तिथे एक लोखंडाचा गोळा टाकला होता, अर्धा शेणामातीत रुतलेला. महिपती गावी आला की दरवेळी त्यावर ठेचकाळायचा आणि दरवेळी त्याला शिवी हासडायचा. आजही हासडली. मग तो थांबला. मग उकिडवा बसला, आणि काटकी घेऊन शेण खरवडायला लागला.

"आये!" तो ओरडला. "पाणी आण गो! आणि घासलेट!"

त्याची आई बनुबाई घाबरून धावत आली. तिला वाटलं पोराला पान लागलं, सापच डसला. पोरगं म्हशीच्या पायांत बसून भोकं मोजत होतं. बावीस, तेवीस, चोवीस. दुसऱ्या बाजूला पुन्हा चोवीस. त्याने तीनदा मोजलं. घासलेट लावलं, पुसलं, खडू घासला आणि श्वास धरून बसला. खडू पांढरा तो पांढराच राहिला. रेघ नाही की ठिपका नाही.

"आबा, हा कुठनं आणला तुमी?"

"दरीतनं," सयाजी म्हणाला. "लडाईत ट्रक पडला व्हता ना, त्याचा. चौघांनी वर काडला. म्हस लई वडाळ व्हती त्या टायमाला, खुट उपटायची."

"मग दोन दिवस मी बोंबलतोय ते ऐकलं नाय तुमी? ब्लॉक पायजे, ब्लॉक पायजे?"

"ऐकलं की. पन ही तर म्हशीची धोंड हाय."

महिपती हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसला, आणि त्या रात्री चार भाकऱ्या जेवला.

गुरुवारी सकाळी महाडला जाऊन शेठला तार करायची होती. ब्लॉक खळ्यात आणून ठेवला होता खरा, पण त्याची दशा बघवत नव्हती. गंजाचे पापुद्रे, शेणाचे थर, भोकांत माती. असला शेठपुढे ठेवायचा? एस.टी. चुकेल म्हणून महिपती पायांत वहाणा सरकवत होता आणि बाप मागे मागे येत होता.

"मी येईपर्यंत साफ करून ठेवा," महिपती म्हणाला. "गंजाचा टिपूस दिसता कामा नये. लख्ख पायजे."

"बरं. पन कसा करू साफ?"

"कसाही करा, आबा! आता तेपण मीच सांगू? जन्मभर लोखंड वापरताय ना?" आणि तो उतरणीला लागला.

महाडच्या तार ऑफिसात आणखी एक नमुना भेटला. कारकून अगदी शुद्ध बोलणारा, चष्मा कपाळावर. "ब्लॉक सापडला, चोवीस, या," एवढाच मजकूर. कारकुनाला तो काही पटेना. "चोवीस काय? तारीख? तारखेला महिना हवा." महिपती म्हणाला, तारीख नव्हे, भोकं. "मग 'भोकं' लिहा." "शेठला कळतं हो!" "शेठला कळेल, पण मला कळायला हवं ना? मी पाठवणार." शेवटी महिपतीने हात टेकले आणि "चोवीस भोकं" लिहिलं. या सगळ्यात एस.टी. गेली, दुसरी उशिरा आली, आणि तो वाडीच्या पायथ्याशी पोचेस्तोवर दुपार टळून गेली होती.

वर घराच्या अंगाला धूर दिसत होता. चैत्र सरत आलेला, सगळीकडे राब भाजणं चाललं होतं. भाताचं रोप करायच्या वाफ्यात टहाळ, पातेरा, शेणी रचून जमीन भाजून काढायची, पाऊस लागायच्या आत. दरसालचंच काम. त्यात काही विशेष वाटायचं कारण नव्हतं, आणि महिपतीला वाटलंही नाही.

राबाच्या कडेला सयाजी उभा होता, अंगभर राख आणि दाढीच्या खुंटांपर्यंत हसू. बनुबाई रिकामा हंडा कमरेला टेकवून दम खात होती. दोघांच्या मधे, चिखलाच्या थारोळ्यात, ब्लॉक होता. निळसर काळा, लख्ख, गंजाचा टिपूस नसलेला. त्याच्यातून अजून वाफ निघत होती.

"बग!" सयाजी म्हणाला. "सकाळधरनं राबात घातला व्हता. वरनं खैराचे दोन ओंडके लावले. चांगला तापू दिला, आन् मंग पानी दिलं, फाळाला देतो तसं. सात हंडे. तुज्या आयनं झऱ्यावरनं आनले, एकटीनं. गंज कसा गेला बग, सालपटं निगाली नुसती. आन् लोखंड बी कडक झालं!"

फाळ लोहाराच्या भट्टीत लाल करून पाण्यात बुडवतात, तो पोलादासारखा होतो, हे खरंच होतं. बापाला जे येत होतं ते त्याने मन लावून केलं होतं. महिपतीने घासलेट लावलं, पुसलं, खडू घासला. एक रेघ उमटली. मग दुसरी. मग तिसरी, सिलिंडरच्या काठापासून थेट खालपर्यंत.

मग मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो काय काय बोलला ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. अडाणी म्हणाला, जंगली म्हणाला, तुमच्यात जन्माला आलो हेच चुकलं म्हणाला. त्या हंड्याला लाथ मारली, तो गडगडत राबात गेला. बनुबाई तो काढायला धावली आणि तिचा हात भाजला, तरी याचं तोंड चालूच. सयाजी एकदाच म्हणाला, "आमाला काय ठावं, बाबा," आणि मग खाली बघत उभा राहिला. त्या उभं राहण्याचा महिपतीला आणखी राग आला.

परत तार करण्यात अर्थ नव्हता. शेठ पहाटेच निघणार. संध्याकाळी नाथू आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "साबन आन् काजळी कालवून भर की चिरीत. लॉरीवाले तसंच करतात. वरनं तेल चोपडायचं. शेटला काय दिसतंय?" महिपतीने त्याला हाकललं. पण साबणाचा तुकडा काही मनातून जाईना. शेठ घाईत असणार, भोकं मोजणार, पाठ थोपटणार. फिटर तर होऊन जाईन, पुढचं पुढे. मग त्याला शेठचे पट्ट्या बांधलेले पाय दिसायचे, आणि तो स्वतःवरच चिडून कूस बदलायचा.

शुक्रवारी चौघांनी बांबूला बांधून ब्लॉक नाक्यावर उतरवला. महिपती, नाथू, नाथूचा भाऊ आणि सयाजी. सयाजीला कोणी ये म्हटलं नव्हतं. तो आपला पुढच्या टोकाला खांदा लावून निघाला.

दहाच्या सुमाराला शेठची गाडी महाबळेश्वरच्या फाट्यावर थांबली. होमीशेठ उतरला, वाकला, बोट लावून भोकं मोजली. इकडे चोवीस, तिकडे चोवीस. त्याने आनंदाने टाळी वाजवली.

"अरे, वाह रे माझा वाघ! आनि साफ केला कसा, आरशासारखा! बस, ठरला. सोमवारपासून तू फिटर."

झालं होतं. शब्द शेठच्या तोंडून निघाला होता, चार माणसांदेखत. महिपतीने एक क्षण तो नुसता ऐकला. मग त्याने खिशात हात घातला.

"शेठ, आधी खडू लावून बघा," तो म्हणाला. "तडा आहे त्याला. परवा नव्हता."

शेठने खडू घासला. रेघांकडे बघितलं, मग त्या निळसर रंगाकडे, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे तापवला? तापवून पानी टाकला? कोन गधेडा केला हे?"

तो कोणाकडे बघून विचारत होता ते सयाजीला बरोबर कळलं. म्हाताऱ्याने मुंडासं काढलं, हात जोडले आणि एक पाऊल पुढे टाकलं. "जी, म्या..."

"मी केलं, शेठ," महिपती मधेच म्हणाला. "गंज काढायला."

शेठ त्याच्याकडे वळला. "नऊ वरस माझ्या गॅरेजमधे काम केला तू," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं, पण तो खाली आला, इतका की सयाजीला पुढचं काही नीट ऐकूच गेलं नाही. "नऊ वरस. आनि बीड तापवून पानी नाय टाकायचा, एवढा नाय शिकला? मी तुला इंजिन कसा देऊ, सांग. जा. सोमवारी ये आनि तुझा धुवायचा काम कर." गाडीचं दार लागलं. धूळ उडाली. घाटाच्या पहिल्या वळणावर भोंगा वाजला आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

नाथू आणि त्याचा भाऊ शहाणे. ते टपरीकडे तोंड करून उभे राहिले. सयाजीने मुंडासं पुन्हा बांधलं. बांधताना त्याने पीळ रागाने आवळला.

"खोटं का बोललास? त्यानं मला इचारलं व्हतं."

"जाऊ द्या, आबा."

"फिटर क्येला का मंग?"

"नाय."

"का म्हून?"

"बिडाला तापवून पाणी घातलं म्हणून. फुटतं ते."

सयाजी थबकला. "बीड? बीड म्हंजे तव्याचं असतं ते?"

"व्हय."

"तुज्या आयच्या घावन्याच्या तव्याचं? त्येच बीड?"

"तेच, आबा. तेच."

"अरे, मंग तसं बोलायचंस की!" म्हातारा असा ओरडला की टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. "ती तापल्या तव्याला पान्याचं बोट लावू देत नाय कुनाला! बारकी पोर बी सांगंल, तडकतो म्हून! आमाला वाटलं मोटारीचं लोखंड, पोलाद आसंल. इचारलं का नाय तुला, कसा साफ करू म्हून? येक शबुद, बीड हाय म्हनला असतास, तर राखेनं घासला असता दोगांनी बसून, दिस मावळस्तोवर! चोवीस, चोवीस म्हून समद्या मुलखाला वरडून सांगितलंस. आन् घरात सांगायला तोंड दुकलं तुजं?"

महिपतीने ब्लॉककडे बघितलं. तीन रेघा खडूवर अजून ओल्याच होत्या.

"चुकलं, आबा," तो म्हणाला. मंगळवारपासून तो पहिल्यांदाच इतक्या हळू बोलला होता, त्यामुळे म्हाताऱ्याला ते ऐकूच गेलं नाही, आणि महिपतीला ते पुन्हा एकदा, चांगलं मोठ्याने, भर नाक्यावर म्हणावं लागलं.